तीन नाही, छप्पन्न आहे

जांभळ्या टोपणाची नळी सटाण्याहून आली,
सकाळच्या एसटीने, थर्माकोलच्या डब्यात.
बर्फ घालू नका सांगितलं होतं. घातला नव्हता.
ओल्या फडक्यात गुंडाळलेली, त्यामुळे लेबल विरलेलं :
‘…लत खैरनार, पु., ५२.’
फोन लावून आधी माणूस पुरा केला. दौलत.

मग लाल पेशी फोडल्या.
त्या नेहमीच बहुसंख्य,
आज त्यांचं काही काम नव्हतं.
उरलेल्यांना रंगीत प्रतिपिंडं लावली,
वीस मिनिटं अंधारात ठेवलं.

मारक पेशी दिसायला साधीच.
भिंगाखाली गोल, थोडी दाणेदार,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
तिला ओळखायचं तर आधी
तिच्या अंगावर काय नाही ते बघायचं.
सीडी तीन नाही : म्हणजे टी पेशी नव्हे.
एकोणीस नाही : म्हणजे बी नव्हे.
मग छप्पन्न आहे का? सोळा आहे का?
इतकं नाही-नाही झाल्यावर
एकदाचं आहे.

आप्पा नोट प्रेसमध्ये होते, नाशिक रोडला, एकतीस वर्षं.
सुटीचा भोंगा झाला की झडती :
खिसे, जेवणाचा डबा, चपलांचे तळवे.
काय आहे ते कुणाला नको असायचं.
काही नाही, एवढं ठरलं की घरी.
आई म्हणायची, ह्या माणसानं जन्मभर
काही नसण्याचा पगार घेतला.

पडद्यावर ठिपक्यांभोवती मी चौकट काढते.
तिलाही गेटच म्हणतात.

तशा ह्या पेशीही गेटवरच्याच.
समोरचीला हात लावून बघतात : ओळख दाखव.
दाखवली तर पुढे जा.
नाही दाखवली, तर दुसरा प्रश्न नसतो.
ओळख लपवली की हरवली
एवढा फरक त्या करत नाहीत.
जेवताना मधेच मला हे आठवतं
आणि घास तसाच राहतो.

निरोगी रक्तात शंभर लिम्फोसाइटांत पाच, दहा, फार तर पंधरा.
दौलत खैरनार : बासष्ट.

नुसत्या आकड्याला अर्थ नाही. जंतूनेही वाढतात.
म्हणून दुसरी नळी : एकशे अठ्ठावन्न,
ए, बी आणि ई.
एरवी कुणाकडे ए, कुणाकडे बी,
कुणाकडे दोन्ही, कुणी अगदीच कोरी,
हळदीला जमलेल्या भाऊबंदांसारखं,
नाक एकाचं तर कपाळ भलत्याचंच.
इथे बी.
बी. बी. बी.
एकच दाट डाग, बाकी पडदा रिकामा.

जेल रोडला फोन केला. नाव सांगितलं नाही.
‘आप्पा, एकाच नंबरच्या दोन नोटा सापडल्या तर?’
‘एक तरी खोटी.’
‘आणि शंभरात बासष्ट?’
पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला.
‘आधी मशीन बघ,’ ते म्हणाले,
‘अडकलं असेल.’

मशीन बघितलं.
शोएबला बाही धरायला लावून
माझंच रक्त काढलं, चालवलं.
माझे ठिपके विखुरलेले, बेशिस्त,
काही पार रेषेवर लोंबकळणारे.
मशीन ठीक होतं.

मग जे अडकलंय ते कुठे, हे कळून
मी थोडा वेळ स्टुलावर बसून राहिले.

अहवालात ‘आहे’ लिहायचं नसतं.
‘सुसंगत’ लिहायचं.
लक्षणांशी ताडून पाहावे, लिहायचं.
लिहिलं. नावाचं स्पेलिंग दोनदा तपासलं.

सहा वाजता शोएब सीबीएसकडे निघाला,
सटाण्याची गाडी धरायला.
‘मॅडम, त्यांचा रिकामा डबा द्यायचा का परत?’
दे म्हटलं.
फडकं सुकलं होतं.
घडी घालून आत ठेवलं.