ब्रेक : वाक्यात उपयोग करा

राजारामपुरीत, नवव्या गल्लीत,
झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
सासने मॅडमनी फळ्यावर एकच शब्द लिहिला.
म्हणाल्या, हा एकटा कधी फिरत नाही.
ह्याच्यासोबत कोण कोण दिसतं, ते पाठ करा.

ब्रेक द ग्लास. ब्रेक द रूल. ब्रेक द प्रॉमिस.
ब्रेक द आइस म्हणजे बर्फ नव्हे,
अनोळखी माणसाशी पहिलं बोलणं.
गंगावेशीत नवख्याच्या हातात
म्हशीखालचा फेसाळ पेला देतात,
तेच असावं.

मी वहीत रेघ मारून दोन रकाने केले.
डावीकडं त्यांचा एक शब्द,
उजवीकडं आमची पांगापांग:
काच फुटते, दोरा तुटतो, काडी मोडते.
नारळ फोडायचा, तोडायचा नाही.
नोट मोडायची, फाडायची नाही.
उपास तर नुसता सोडायचा.
बातमी फोडायची,
पण कुणी गेल्याची असली तर नाही,
ती हळू कानावर घालायची,
आधी पाण्याचा तांब्या पुढं करून.

मागच्या बाकावरून अल्ताफ मुल्लाणी, चप्पल लाइनीतला:
मॅडम, नवं पायताण आठ दिवस चावतंय,
तेल पाजून घरातल्या घरात घालून हिंडायचं,
मग पायाला नरम येतंय. त्याला काय म्हणायचं?
मॅडम खूश. ब्रेक इन!
आणि चोर कुलूप तोडून घरात शिरला,
तरी ब्रेक इन.
अल्ताफ बराच वेळ पेन चावत बसला.

मग आलं, गेट अ ब्रेक. म्हणजे संधी मिळणे.
उदाहरण कोण देणार?
मी उठलो. पहिल्यांदाच अख्खं वाक्य, न अडखळता:
आय गेट अ ब्रेक एव्हरी सेव्हन मंथ्स.
वा! म्हणाल्या. यू आर व्हेरी लकी, मिस्टर इंगवले.
पोरांनी टाळ्या वाजवल्या.
मी थँक यू म्हणून बसलो.

शिरोलीला, फाउंड्रीच्या गेटवर,
सात महिने भरले की कंत्राटदाराचा माणूस
गळ्यातलं कार्ड काढून घेतो.
पंधरा दिस ब्रेक घे, मग ये नव्यानं.
नव्यानं म्हणजे, मागचं धरायचं नाही.
सहा वर्षांत नऊ वेळा मी नवा झालोय.

आणि तिथं आम्ही काय ओततो? ब्रेक ड्रम. ट्रकचे.
मॅडम म्हणतात तो ब्रेक वेगळा.
बघितलं तर तीच पाच अक्षरं,
नुसत्या जागा बदललेल्या.
आमच्या लिपीत तेवढंही नाही,
थांबवणारा आणि मोडणारा
एकाच कपड्यात येतात.

माझं काम शेवटच्या टेबलाला.
ड्रम साखळीला टांगायचा,
हातोडीचा एक ठोका, आणि कान.
घंटेगत घुमला तर पुढं.
बद्द वाजला तर आत कुठंतरी तडा आहे,
डोळ्यांना न दिसणारा.
खडूनं फुली मारून बाजूला.
दिवसाला चारशे ठोके.
रात्री उशीवर डोकं टेकलं तरी
कान त्याच कामावर असतो.

क्लास सुटला. टेंबलाईच्या उताराला
सायकलचा मागचा ब्रेक लागेना,
पाय घासत उतरलो.
ह्या वेळी पंधरा दिवस म्हणाले नाहीत.
बघू, म्हणाले. फोन करतो, म्हणाले.
रोज सकाळी डबा घेऊन निघतोय,
उद्यमनगरात शॉपमागून शॉप विचारत,
दुपारी रंकाळ्यावर डबा खातोय.

दारात सुवर्णानं विचारलं, आज काय शिकवलं?
म्हटलं, एकच शब्द. लई अर्थ हैत त्याला.
ती आत गेली.
पाण्याचा तांब्या घेऊन आली,
माझ्या हातात दिला,
मी पिऊन होईपर्यंत थांबली.
आवाज बद्द येतोय तुमचा, म्हणाली.
कवापास्नं ब्रेक?