सामासिक अंतर

शाळेत कोरगावे मास्तर समासाचे दोन मार्क कापायचे.
डावीकडं बोटभर जागा सोडा म्हणायचे,
वहीलाही श्वास लागतो.

नोकरीत आलो, नगररचना विभाग, तळमजला, टेबल चार,
आणि नियमावलीत तोच शब्द पुन्हा भेटला.
सामासिक अंतर:
भिंतीपासून हद्दीपर्यंत मोकळी सोडायची जागा,
बाजूनं दीड मीटर.

सांगलीत कितीतरी रान गुंठ्यागुंठ्यानं विकलेलं.
ऊस मोडून प्लॉट पाडलेले,
फक्कीनं आखलेले रस्ते काळ्या मातीनं गिळलेले.
जिथं अक्षरच मावत नाही
तिथं समास कोण सोडणार?

सोमवारी गेलो रबियाबी नदाफांकडं.
तक्रार: विनापरवाना पत्राशेड, मिरची कांडप, आवाज, खकाणा.
आमचा मुकादम आदगोंडा रजेवर, पोरीची सोयरीक.
टेपचं दुसरं टोक धरायला माणूस नाही.
"द्या हिकडं," म्हणाल्या रबियाबी.
पदराला हात पुसले
आणि स्वतःच्याच गुन्ह्याचं टोक
कंपाउंडच्या दगडाला नेऊन टेकवलं.
"ढिली ऱ्हायली, साहेब. ओढून घ्या, माप नीट भरू दे."

शून्य दशांश ब्याऐंशी.
पुन्हा मोजलं.
शून्य दशांश ब्याऐंशीच.
"पावणेदोन हात," त्या म्हणाल्या, "मला ठावं हाय की.
घमेलं आडवं जात न्हाई तितनं."

यंत्रावर पत्र्याची पाटी:
महापालिका स्वयंरोजगार योजना, हस्ते सभापती.
म्हणजे आमचीच इमारत, दुसरा मजला.
वरच्यांनी यंत्र दिलं;
ते ठेवणार कुठं, हा रकाना अर्जात नव्हता.
आमच्या मजल्यांमध्ये जिना आहे,
जिन्यात माठ आहे,
माठाला साखळीनं बांधलेला पेला आहे.
फाईल त्या जिन्यानं चढताना
अकरा वर्षांत मी पाहिलेली नाही.

पंचनाम्याला दोन पंच हवेत.
डावीकडचा शेजारी आंघोळीला गेला तो गेलाच.
उजवीकडच्यानं अर्ज निनावी केलेला,
तो आता सही करून नाव कसं सांगणार?
रबियाबींनी चहा आणला.
"माझीच सही चालंल का?"
नाही म्हणायला तोंड उघडलं
आणि शिंकलो, सात वेळा.
"ब्याडगी न संकेश्वरी मिसळून हाय," त्या म्हणाल्या,
"लग्नाची ऑर्डर."

अहवाल लिहिला. डावीकडं बोटभर समास सोडला.
आमच्याकडं तो साहेबांसाठी असतो.
हिरव्या शाईत शेरा आला: नियमानुसार कार्यवाही.
जावक क्रमांक पडला. मुदत पंधरा दिवस.

गुरुवारी विश्रामबाग, सात मजली व्यापारी संकुल.
नकाशात चारी बाजूंनी समास,
सुबक, ऐसपैस, मास्तरांनी पैकीच्या पैकी दिले असते.
खिडकीतून हात काढला असता
तर शेजारच्या गच्चीवरची कुरडई उचलता आली असती.
आर्किटेक्ट म्हणाले, बसा हो,
सगळं आहे त्यात.
गार केबिन, काजू, काचेचं टेबल.
टेप काढायची वेळच आली नाही.

उठताना मात्र, नुसत्या हाताच्या चाळ्यानं,
टेप मीटरभर ओढली आणि सोडली.
सर्रकन आत जाता जाता
शून्य ते ब्याऐंशीमधली लाल पूड
काचेवर सांडली,
चिमूटभर.

आर्किटेक्ट शिंकले. मी शिंकलो.
रिकाम्या बशा न्यायला आलेला पोरगा शिंकला.
कुणी काही बोललं नाही.
पोरानं तळहातानंच काच पुसली, लख्ख,
आणि विसरून
त्याच हातानं डोळा चोळला.