शब्दयोगी

परदेशीपुऱ्यातल्या कापडगिरणीच्या ऑफिसात
अकरा वर्षं मी टाइपरायटरपाशी बसले.
कापसाची लव उडत यायची,
छोट्या ई-च्या पोटात अडकायची,
ती टाचणीनं उकरायची.
हे, आणि इंग्रजीचं व्याकरण,
एवढ्यावरच माझा पगार.

द्विवेदी मॅनेजर पान थुंकायला मधेच थांबत
आणि वाक्याचं शेपूट विसरून परत येत.
त्या दुपारी म्हणाले, लिहा :
युअर सर्व्हिसेस आर हिअरबाय डिस्पेन्स्ड.
पत्र, दवाखान्यातल्या पुणतांबेकर कंपाउंडरांना.

मी म्हटलं, साहेब, इथे विथ लागेल.
डिस्पेन्स म्हणजे मापून देणं, वाटणं.
डिस्पेन्स विथ म्हणजे
नको आता, चालेल.
ते म्हणाले, डाल दो, आप तो मास्टरनी हैं.
मला बरं वाटलं.
खोटं कशाला सांगू, बरंच वाटलं.

विथ. पूर्णविराम. दोन कार्बन प्रती.

संध्याकाळी पत्र घेऊन ते माझ्याकडेच आले.
बोटांना पेपरमिंटचा वास,
कोटाच्या खिशात कात्री,
जिनं बाटलीवरच्या पट्टीला खाचा पाडत,
एक खाच एक डोस.
म्हणाले, बाई, डिस्पेन्स मला येतं,
सव्वीस वर्षं तेच करून राहिलोय.
खिडकीवरची डिस्पेन्सरी ही पाटीसुद्धा
दर दिवाळीला मीच रंगवतो.
पण हे शेवटचं विथ कुणासोबत?
पुढे कुणाचं नावच नाही.

आपल्याकडे बरं असतं.
शब्दयोगी अव्यय नामाला चिकटून बसतं,
सोडवायचं म्हटलं तर नाम खरवडतं.
तिकडे ते क्रियापदामागून एकटं येतं
आणि दिलेलं सगळं परत घेऊन जातं.

मी म्हटलं, विथ म्हणजे एरवी सोबत,
इथे मात्र, वाचून.
वाचलं की, ते म्हणाले, दोनदा वाचलं.
तसं नव्हे हो पुणतांबेकर.
तुमच्यावाचून.

वरच्या पंख्याचा एक पाता वाकडा होता,
तो दर फेऱ्याला टक् करायचा. बराच वेळ
तेवढंच ऐकू आलं.

विथ टाकला नसता तर?
कामावरून तर काढलंच असतं.
पण कागदावर चुकून
खरं राहिलं असतं :
तुमची सेवा येथे मापून वाटण्यात आली आहे.

त्यांनी पत्र टेबलावर ठेवलं,
नखानं कडा दाबल्या,
कागद तीनदा दुमडून टोक आत खोचलं.
चूर्णाची पुडी बांधतात, अगदी तशी.
उगाच हलवून पाहिली.

कधी घ्यायची, म्हणाले,
जेवणाआधी, की नंतर?