थाम

देवपूरला, पहिल्या मजल्यावर, पडदे ओढलेल्या खोलीत
दिलवर वळवीच्या डोक्यावर मी एकवीस तारा चिकटवतो.
वय नऊ. धडगावहून पहाटेच्या एसटीने आलाय.
मास्तर म्हणतात, पोरगं वर्गात हरवतं.

डोळे मिट, म्हणतो मी.
आणि मॉनिटरवर लाट चढते,
सेकंदाला नऊ, कधी दहा,
कुणीच न मोजता मोजलेली.

डॉक्टर झांबरे एकदा चहा निववत म्हणाले होते,
मेंदूत काही पेशींचं कामच दुसरीला गप्प करणं.
त्या एकमेकींनाही गप्प करतात.
मग सगळंच गप्प व्हायला हवं, साहेब.
नाही, म्हणाले, ठेका तिथूनच येतो.
आणि बशी तोंडाला लावली.

मला कळलं ते फार नंतर, आणि कळलं ते जुनंच:
कापडण्याचा मे महिना, अंगणात उखळ,
गजरामावशी, केसरकाकू, माझी आई. तीन मुसळं.
एकीचं आत, तर दोघींचे हात वर.
थाम वं माय, मन्हा हात शे.
हे कुणी बोलत नसे. उखळात ते ऐकू यायचं.
मग मिरचीचा खकाणा उठायचा,
तिघी एकदम मागे, पदर नाकाला.
खकाणा बसला की
तिघी एकदम पुढे.
हाक नाही, खूण नाही.
तो हवेत जितका रेंगाळे
तितकाच लांब त्या दुपारचा श्वास.

दिलवरच्या हातात कागदाचं भिरभिरं देतो.
फुंक. अजून फुंक. मोठ्याने.
दुसऱ्या मिनिटाला भिरभिरं थांबतं.
डोळे उघडे, त्यात कुणी नाही.
पडद्यावर सगळ्या रेघा एकाच उंचीच्या,
सेकंदाला तीन,
कवायतीसारख्या नीटनेटक्या.
साऱ्या गावाने एका तोंडाने थाम म्हटलं
आणि गाव थांबलं.
कुणीतरी उशिरा म्हणायला हवं होतं,
कुणीतरी नुसतं शिंकायला.

अकरा सेकंद.
मग भिरभिरं फिरतं. तो फुंकतोच आहे,
मधलं काहीच त्याच्याकडे नाही.
दाराशी त्याची आई चपला हातात धरून उभी,
तिला काहीच दिसलेलं नाही.

कापडण्यात आता मिरची डंकावर कुटतात.
डंक ठेका चुकत नाही.
त्याला थांबवायला बटण आहे, भिंतीवर, लाल.

मी वेळ लिहितो: अकरा बेचाळीस.
दिलवर विचारतो, हे भिरभिरं मी नेऊ का?