सतराशे ऐंशी

हरारच्या बाजारात दुपारच्या आधी कुणी भाव विचारत नाही.
चातच्या जुड्या येतात, तोंडं हिरवी होतात,
मग आठवतं, घरी पेटीत चांदी आहे.

रेमला आली ती सात थालेर घेऊन,
मसुरीच्या पिशवीच्या तळाशी.
सातांवर तीच जाडजूड राणी, डोक्यावर तोच पदर,
तेच साल, सतराशे ऐंशी.
साल खोटं असतं, हे तौफिक उस्ताद आधीच सांगून टाकतात,
सुई टोचण्याआधी डॉक्टरनं सांगावं तसं.
राणी त्या वर्षी मेली. साचा मेला नाही.
व्हिएन्नात, रोममध्ये, लंडनमध्ये,
लढाईच्या दिवसांत पार मुंबईच्या टांकसाळीतसुद्धा
ती पुन्हा जन्मली, दर वेळी त्याच वर्षी.
"मग वय कळायचं कसं?"
"माणसाचं कळतं तसंच. सांगितलेल्यावरून नाही."

मला शिकवलेली रीत अशी:
नाणं संगमरवरावर टाकायचं आणि डोळे मिटायचे.
बंदं असेल तर बोलून झाल्यावरही थोडं बोलत राहतं,
शिशाचं लगेच गप्प, चोरी पकडलेल्या पोरासारखं.
मग खांद्यावरच्या पिनेचे मोती मोजायचे. नऊ.
आठ भरले तर पुन्हा मोजायचे,
तरी आठच भरले तर गिऱ्हाइकाला पाणी विचारायचं.
मग गरुडाच्या शेपटीची पिसं. मग काटा:
अठ्ठावीस ग्रॅम आणि वर एक चिमूट.
शेवटी कड. तिच्यावर उठावाची लॅटिन अक्षरं,
न्याय आणि दया.
उस्ताद म्हणतात, झिजते ती आधी दयेच्या बाजूनं.

रेमलाकडे तीन भाव होते.
भाच्यानं फोनवर पाठवलेला,
एका चित्राखाली इतकी शून्यं, की तिला रात्रभर झोप नाही.
अदिसच्या व्यापाऱ्याचा, नाणं न बघताच सांगितलेला.
आणि आतेबहिणीचा: "मला दे, घरातच राहील."
"यातला खरा कुठला?"
"मागितलेली ती इच्छा," उस्ताद म्हणाले,
"देऊन मोकळा झाला तो भाव."
आणि वही काढली. एकतीस वर्षांची,
कुणी विकलं, कुणी घेतलं, वजन किती, कुठे ओरखडा.
पानांना वेलदोड्याचा वास.

सातही वाजली. सातही बंदी.
उस्तादांनी भिंग डोळ्याला लावलं.
"वर कडी डागलीय. माळेत ओवायला.
संग्राहक शिवणार नाही. चांदीच्या भावानं जातील."
"किती बुडाले?"
त्यांनी आकडा सांगितला. तिनं पिशवी मांडीवर घेतली.
"डागली कुणी?"

भिंग खाली आलं.
मी ती कडी ओळखते. दीड वेढा, शेवटाला डावी मुरड.
या गल्लीत डावखुरा सोनार एकच.
"माझ्या लग्नात," रेमला म्हणाली. "तूच."

बाहेर शिलाईयंत्रांची रांग चालू होती.
उस्ताद बराच वेळ बोटं पुसत राहिले.
"तेव्हा कोण बघत होतं," ते म्हणाले, तिला नाही,
"किती वितळवली मी. साचा नाही बघितला, मोती नाही मोजले.
बांगड्या केल्या."

"मजुरी घेतली होतीस. कडीला दोन बिर. चौदा."
"चौदा परत देतो."
"चाळीस वर्षांपूर्वीचे चौदा,"
रेमला म्हणाली, आणि पाय पसरून बसली.

बिर म्हणजे मुळात चांदीच,
आता कागदावर छापतात, नाव तेवढं उरलंय.
चौदात तेव्हा काय यायचं?
बकरी. छे, बकरी कसली, अर्धी.
अर्धी कुणी विकायचं?
तुझा सासराच विकायचा, ईदच्या आदल्या दिवशी.

असरची बांग झाली, दोघं उठले नाहीत.
सातवं नाणं काट्यावरच राहिलं होतं,
आवाज चढला की पारडं किंचित हलायचं.
मी वहीत तारीख लिहिली, वजन लिहिलं,
भावाच्या रकान्यात लिहिलं, अर्धी बकरी.
पेन्सिलनं. कारण अजून ठरत होतं.