जोडमंडळी

ओहोळ मास्तर वारले त्या वर्षी
पत्रव्यवहाराची फाईल माझ्याकडे आली,
कारण स्त्री-मंडळात टायपिंग मलाच येत होतं.
वर त्यांच्या वळणदार अक्षरात:
स्टूरविक, नॉर्वे. जोडमंडळी.
आत एक नकाशा, नाताळची जुनी कार्डं,
आणि लाकडी चर्चचा फोटो,
बर्फात अंग फुगवून बसलेल्या कोंबडीसारखं.

रास्ता पेठेतल्या आमच्या देवळात
महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांची नावं घ्यायची,
असा ठराव आहे.
पाळकसाहेब चष्मा पुसतात, श्वास घेतात,
तरी सूल्वायबाई कधी सोलवेग होतात, कधी सॉलविग.
त्यांच्या गुडघ्यासाठी आम्ही चार वर्षं प्रार्थना केली.
मग कळलं, दुखत होता तो खांदा.
भाषांतर माझंच.

दर जूनमध्ये पैसे यायचे,
वसतिगृहातल्या अठरा पोरांची फी, वह्या, एका पंख्याची दुरुस्ती.
दर ऑक्टोबरात आम्ही फोटो पाठवायचो.

फोटोचं एक सांगायचं राहिलंय.
त्या वर्षी पोरांना बूट मिळाले होते,
रणदिवे वडिलांच्या ओळखीनं, कँपातून, निम्म्या भावात.
पोरं बूट घालून ओळीत उभी राहिली, छाती काढून,
आणि कोणीतरी म्हणालं,
मीच म्हणाले,
बूट काढा रे जरा. फोटोपुरते.
फरशी तापलेली.
धाकटा शमुवेल या पायावरून त्या पायावर,
फोटोत हललेलाच आला.
तिकडून पत्र आलं: फ्रेम करून लावलाय,
सगळ्यांना फार आवडतो तुमचा नाचणारा मुलगा.

यंदा उपवासकाळात पाकीट आलं, पातळ.
आम्ही आता नऊ जण उरलो.
छत गळतं. इमारत नगरपालिकेला देतोय,
वाचनालय होईल म्हणतात.
जूनपासून काही पाठवता येणार नाही. क्षमा करा.

पंचकमिटीत पंखा तेवढा बोलत होता.
मग रणदिवे म्हणाले, म्हणजे जोड सुटली म्हणायची.
खजिनदारांनी वही उघडली, मिटली.
शेवंताबाई पाटोळे दाराशी चहाचे कप गोळा करत होत्या.
नऊ माणसं, त्या म्हणाल्या,
आणि तेवढी थंडी.
अहो, त्यांना खायलाबियला कोण करतं?

त्या रात्री मी बुटांचं लिहिलं.
दोनदा फाडलं.
तिसऱ्यांदा न वाचताच पाठवून दिलं.

तीन आठवड्यांनी सूल्वायबाईंचं उत्तर, हातानं लिहिलेलं,
ओळी उजवीकडे उतरत गेलेल्या, खांद्यामुळे असेल:
तुमच्याकडे आमचा एक फोटो आहे ना,
बाकं गच्च भरलेली,
ज्याखाली आम्ही लिहिलं होतं, रविवारची उपासना?
तो रविवार नव्हता.
शाळेच्या बसचालकाच्या अंत्यविधीला सगळं गाव आलं होतं.
आम्हाला वाटलं, तुम्ही इतके जण,
आम्ही एवढेसे कसे दिसू?
खाली, वेगळ्या शाईत:
नाचणारा मुलगा आता काय करतो?

मी कळवलं, चाकणला कारखान्यात आहे.
सेफ्टी बूट घालतो, नऊ नंबर.
पोरांच्या फीचं काय, ते अजून ठरलेलं नाही,
तेही कळवलं. आता लपवून काय.

काल जीपीओत रांगेत होते.
मांजरपाटात शिवलेलं पार्सल, टाके शेवंताबाईंचे,
आत चिवडा, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची बरणी
तीन पिशव्यांत गुंडाळून,
आणि आमच्या पाळकसाहेबांचा निरोप
की पुढच्या पहिल्या रविवारी
नऊही नावं नीट म्हणू, कुणीतरी रेकॉर्ड करून पाठवा.

खिडकीतल्या मुलीनं फॉर्म सरकवला.
भेट की विक्री?
भेट.
किंमत?
मी तीनशे लिहिले. खोडले.
बाई, काहीतरी लिहावं लागतं, ती म्हणाली,
मागे रांग वाढतेय.