आडवी पाड

ब्रेडा दुकानात शिरते तेव्हा
तोल्मिनवर अजून धुकं असतं.
टोपी काढत नाही. केस आत्ता कुठे
बोटभर आलेत, तेही कुरळे, दुसऱ्याच कुणाचे.

विन्को दाखवतो हजार सीसीची,
तिच्या जुन्या गाडीच्याच जातीची, तशीच लाल.
"तुझ्यासाठी जपून ठेवली," म्हणतो.
खरं म्हणजे मार्चपासून ती कुणी घेतच नाहीये.

ब्रेडा किल्ली मागत नाही.
क्लच दाबून पाहते. पुन्हा पाहते.
बोटांची टोकं औषधांनी नेली;
शर्टाचं बटण लागलं की नाही
ते हल्ली डोळ्यांना विचारावं लागतं.

मग कोपऱ्यातली निळी, तीनशेची,
शिकाऊ पोरं नेतात ती.
"ही आडवी पाड."
"काय?"
"पाड जमिनीवर. उचलून बघायचीय."

विन्को गोणपाट अंथरतो
आणि आजाऱ्याला निजवावं तशी
गाडी हळूच कुशीवर टेकवतो.

ती सीटला पाठ लावते, गुडघे वाकवते,
एक हात हँडलला, एक मागच्या कडीला.
पहिल्यांदा नाही.
दुसऱ्यांदा अर्धी, तोच विन्कोचा हात पुढे.
"हात मागे घे."

आरशाला चरा पडला.
गाडी उभी आहे. तिला टेकून ब्रेडा,
तोंडाने श्वास घेत. टोपी गोणपाटावर.

"मग, व्र्शिचचा घाट?"
"पन्नास वळणं आहेत रे.
आधी पाव आणायला जाईन.
आणि चऱ्याचे पैसे धर."